बुटांची जोडी, दोन घाट आणि कोल्हापूरचे मामा

घरून निघालो तेव्हा बूट धड होते, हे आधीच सांगून ठेवतो. बायकोचा यावर विश्वास नाही.

२०१३ साली पुण्याच्या जुन्या बाजारात घासाघीस करून नऊशे रुपयांना घेतलेली ही जोडी. जाड तपकिरी कातडं, पुढे बोटांवर पोलादी टोपी, घोट्याच्या वर चार बोटं उंची. चाकणला फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मी ते पाच वर्षं रोज घातले. २०१८ मध्ये तळ झिजून गुळगुळीत झाले, म्हणून एका दुकानातून नवे सोल बसवून घेतले. तेव्हापासून हे बूट फक्त गाडीवरचे. म्हणजे वर्षातून दोन-तीन दौरे आणि बाकी मुक्काम माळ्यावर.

यंदा सप्टेंबरच्या शेवटी पाच दिवसांची फट सापडली. पुणे, कोल्हापूर, आंबोली, मालवण आणि फोंडा घाटाने परत. सोबत मेहुणा. त्याचं वय अठ्ठावीस, गाडी नवी, आणि पायात गुडघ्याखालपर्यंत येणारे, प्लास्टिकच्या ढाली लावलेले खास मोटारसायकलचे बूट. ते घालून तो चालायला लागला की दशावतारातला राक्षस एंट्री घेतोय असं वाटतं. माझ्या बुटांकडे बघून म्हणाला, "दाजी, हे म्युझियमला द्या." पुढे जे झालं ते बघता पोराची जीभ काळी असावी.

पहिला दिवस : पुणे ते कोल्हापूर, एका पायावर

सहाला निघालो. खंबाटकीला गार वारा, साताऱ्याला वडापाव, रस्त्याच्या कामामुळे डायव्हर्जनवर डायव्हर्जन. यात सांगण्यासारखं काही नाही. उंब्रजला चहाला थांबलो. डावा पाय टेकवला आणि पायाखाली काहीतरी दबलं. वाटलं, शेण. खाली बघितलं तर माझाच सोल. टाचेकडून सुटून लोंबत होता आणि हाताने ओढला तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तुकड्यातुकड्यांनी हातात आला. तुटला नव्हता, उसवला नव्हता, कुजला होता.

चहावाल्याच्या शेजारी पंक्चरवाला होता. त्याने एक शब्द न बोलता स्कूटरची जुनी ट्यूब घेतली, कात्रीने तिची दोन-दोन बोटं रुंद कडी कापली आणि तीन कडी बुटावर चढवली. बरणीच्या तोंडाला रबर लावतात तसं. वर म्हणाला, "कोल्हापूरपातुर जातंय. पाय घासू नका फक्त." पैसे विचारले तर चहा सांगा म्हणाला.

हे कुजणं काय असतं ते आता मला कळलंय, म्हणून इथेच सांगतो. हलका, फोमसारखा दिसणारा सोल बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असतो. हवेतल्या दमटपणाने त्याचे रासायनिक बंध हळूहळू तुटत जातात. वापरला तरी कुजतो आणि माळ्यावर ठेवला तरी कुजतो. उलट नुसता पडून राहिलेला लवकर दगा देतो असं बूट दुरुस्त करणारे सांगतात. त्यात आपला पावसाळा. म्हणून दौऱ्याच्या आठवडाभर आधी बूट काढा, सोल दोन्ही हातांनी चांगला वाकवा आणि बाजूने अंगठ्याने दाबा. बारीक भेगा दिसल्या किंवा नख रुतून राहिलं, तर ते बूट घेऊन घाटात जाऊ नका. मी आदल्या रात्री फक्त पॉलिश केलं होतं. पॉलिशमुळे वरचं कातडं असं चमकत होतं की खाली वाकून बघायचं सुचलंच नाही.

उरलेले नव्वदेक किलोमीटर डाव्या पायाने गिअर टाकताना ट्यूबचं कडं दांडीत अडकत होतं. किणीच्या टोलनाक्याच्या पुढे उजवा सोलही गेला, त्यालाही तशीच तीन कडी चढवली. शिरोलीत शिरलो तेव्हा दोन्ही पायांना मिळून पाच कडी होती आणि सहावं हायवेला अर्पण झालं होतं.

कोल्हापुरात चप्पल लाईनला गेलो. चामड्याच्या गावात चामड्याचं काम होणार नाही तर कुठे, असा माझा हिशेब. पहिल्या दुकानदाराने बूट हातात न घेताच सांगितलं, "आमी पायताण करतोय ओ, बूट न्हाई." दुसऱ्याने कापशी चप्पल दाखवायला घेतली. तिसऱ्याने मात्र बूट उलटा केला, कडेच्या शिलाईवरून नख फिरवलं आणि म्हणाला, "ह्ये शिवल्यालं हाय. सुभाषनगरला जावा. मामा बसत्यात पत्र्याच्या स्टॉलात."

गटई कामगारांचा पत्र्याचा स्टॉल सगळ्यांनी पाहिलेला असतो, आत डोकावलेलं नसतं. चार बाय पाचची जागा. भिंतीवर पायाच्या आकाराचे लाकडी फर्मे टांगलेले, खाली लोखंडी तिवई, डब्यात टोचायच्या आऱ्या, कातडं कापायची रापी धार लावून फडक्यात गुंडाळलेली. एका कोपऱ्यात संत रोहिदासांची तसबीर, तिच्याखाली रेडिओ. मामा पासष्टीच्या पुढचे. बूट घेतला, चष्मा कपाळावर सरकवला. मी उंब्रजची कथा सांगायला लागलो तर हाताने थांबवलं.

"गाडी चालवताय. मोठी. गेर डाव्या पायात."

हे काय, गाडी समोरच उभी होती. पण पुढे म्हणाले, "टाचंचा गेर वापरत न्हाई, बोटानंच वर उचलताय. थांबताना डावाच पाय टेकताय, ते बी कडंवर. आनि उजवा पाय आत घेऊन बसायची खोड हाय, सायलेन्सरला लागतोय."

तळ तर उरलाच नव्हता. त्यांनी वाचलं होतं वरचं कातडं. डाव्या बुटाच्या टोपीवर दांडीने पाडलेलं रुपयाएवढं टक्कल, उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला भाजून कडक झालेला डाग, डाव्या बुटाची बाहेरच्या अंगाला खचलेली टाच. मेहुण्याने लगेच स्वतःचा बूट पुढे केला. मामांनी तो टकटक वाजवून बघितला आणि परत दिला. "प्लाष्टिक काय बोलत न्हाई."

"हुईल का?" मी विचारलं.

"वेल्ट धड हाय. दोन दिस."

दुसरा दिवस : कोल्हापूर, मुक्काम स्टॉलच्या दारात

सकाळी मिसळ. कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव नव्हे, ब्रेडच्या जाड स्लाइस येतात, हे पुणेकराला दर वेळी नव्याने पचवावं लागतं. कट मागून घेतला, नाक वाहिलं, समाधान झालं. मेहुणा अंबाबाईच्या दर्शनाला आणि तिथून रंकाळ्यावर गेला. मी स्टॉलवर. पायात काल घाईने घेतलेली कापशी. दुपारपर्यंत तिने दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी फोड आणले. मामा म्हणाले, आठ दिवस घरात घालून, तेल लावून मग बाहेर काढायची असते, नव्या सुनेला कोणी लगेच शेतावर धाडतं का.

पितृपक्ष होता म्हणून मामांना वेळ होता. या पंधरवड्यात नवी पायताण कोणी घेत नाही. नवरात्र बसलं की मान वर करायला सवड नसते.

काम कसं झालं ते जरा सविस्तर लिहितो, कारण याच्यासाठीच मी हे लिहायला बसलोय.

बुटांचे ढोबळ तीन प्रकार. एकात तळ नुसता चिकटवलेला असतो. दुसऱ्यात गरम पीयू साच्यातून थेट बुटाखाली ओततात. कारखान्यातले आजचे बरेचसे सेफ्टी शूज या जातीचे. तिसरा प्रकार वेल्टचा. यात वरचं कातडं, आतला तळ आणि भोवतीची कातड्याची एक अरुंद पट्टी आधी एकत्र शिवतात. ती पट्टी म्हणजे वेल्ट. बाहेरचा तळ शिवायचा तो या पट्टीला. त्यामुळे तळ झिजला की खालची शिलाई कापून तो काढायचा आणि नवा शिवायचा, बुटाच्या अंगाला हात लागत नाही. ही शिलाई करणारं यंत्र १८७० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स गुडइयर ज्युनिअर यांच्या नावाने रूढ झालं. रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची कृती शोधणारे चार्ल्स गुडइयर हे यांचे वडील. गुडइयर नावाच्या टायरच्या कंपनीचा या घराण्याशी संबंध फक्त आदरापुरता. कंपनी १८९८ ची, तोवर वडील जाऊन अडतीस वर्षं झाली होती. हे मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे बापानं रबर दिलं आनि पोरानं टाका. बरं झालं, भांडण न्हाई."

२०१८ च्या दुकानदाराने माझ्या वेल्टच्या बुटाला जुनी शिलाई कापून नुसता पीयूचा सोल चिकटवून दिला होता. नशीब एवढंच की वेल्टला त्याने हात लावला नव्हता.

मामांनी आधी कुजका चुरा रापीने खरवडला. आतून जुनं बूच निघालं. बाहेरच्या आणि आतल्या तळामध्ये बुचाचा थर भरलेला असतो. पाय त्यात हळूहळू आपला ठसा पाडतो, म्हणून जुना बूट पायाला ओळखतो. माझ्या बुचाची राख झाली होती. त्याखाली तळव्याच्या कमानीत बसवलेली पोलादी पट्टी, तिच्यावर गंज. मामांनी ती पॉलिश पेपरने घासून परत बसवली. "ही पट्टी नसंल तर फुटरेस्टवर हुबं ऱ्हायलं की लोखंड तळव्यात घुसतंय." साध्या चालण्याच्या बुटात आणि गाडीवर चालणाऱ्या बुटात फरक कुठे असतो, तर इथे. दुकानात बूट घेताना दोन्ही टोकं धरून मधोमध वाकवून बघा. बोटांपाशी वाकायला हवा, कमानीत नको.

मग सोल निवडायची वेळ आली. तोवर मेहुणा परतला होता. त्याचं म्हणणं, खोल खाचांचा डोंगरी सोल घ्या. त्या नक्षीची जन्मकथाही त्याला पाठ होती: १९३५ मध्ये इटलीतल्या विताले ब्रामानी या गिर्यारोहकाचे सहा साथीदार आल्प्समध्ये दगावले, पायातले बूट त्या थंडीला आणि बर्फाला अपुरे पडले होते, आणि त्यातून दोन वर्षांनी त्याने रणगाड्याच्या पट्ट्यासारख्या खाचांचा रबरी तळ आणला. मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"डोंगर चढायचा आसंल तर झ्याक. गाडीवर खाचत खडा आडकतोय, फुटरेस्टवर पाय सरकवायचा म्हटला तर सरकत न्हाई, आनि जाड तळ गेरखाली जात न्हाई."

मी हळूच टायरच्या सोलचं विचारलं. लहानपणी आमच्या गावी ऊसतोड करणाऱ्यांच्या पायात टायरच्या चपला असत. जन्मात झिजत नाहीत म्हणायचे. मामा हसले. पूर्वी ट्रकच्या टायरमध्ये नायलॉनचे धागे असायचे, रापी चालायची. आता रेडियल टायर आले, त्यात पोलादी तारा. रापीचं पातं जातं आणि तार बाहेर आली तर पायात घुसते. शिवाय ते रबर वर्षानुवर्षं टिकेल इतकं कडक, ओल्या फरशीवर बर्फासारखं. "टायर ट्रकच्या वजनाला धरतोय. तुमचं वजन त्येला कळत बी न्हाई."

शेवटी नायट्राइल रबराची शीट ठरली. पेट्रोल आणि ऑइलला हे रबर दाद देत नाही, म्हणून पंपावर सांडलेल्या डिझेलमध्ये पाय पडला तरी लवकर फुगत नाही. उथळ नक्षी. जाडी आठ मिलिमीटर. टाच मात्र इंचभर उंच आणि पुढून सरळ कापलेली. तिचा काठ फुटरेस्टला अडतो, म्हणून खड्ड्यात पाय पुढे घसरत नाही. सपाट तळाचे स्निकर घालून लांब पल्ल्याला निघणाऱ्यांना हीच गोष्ट सांगून थकलोय.

बुचाच्या शीटचे तुकडे भरले, कानशीने दोन्ही बाजू खरबरीत केल्या, दोन्हीकडे सोल्युशन लावलं आणि मामांनी चक्क रेडिओ लावला. वीस मिनिटं हात लावायचा नाही. बोट टेकवलं तर चिकटू नये इतकं वाळलं, की मगच जोडायचं आणि ठोकायचं. घाई करणाऱ्यांचे सोल सुटतात ते याच वीस मिनिटांमुळे. मी कौतुकाने माझ्या बॅगेतली परदेशी मेणाची डबी काढली तर म्हणाले, "ठेवा. आज त्येल न्हाई. त्येलावर सोल्युशन धरत न्हाई."

मग शिलाई. आरीच्या टोकाला बारीक खाच असते. आरी वरून आत जाते, खाली धरलेल्या मेणाच्या दोऱ्याला पकडून वर आणते, दुसरा दोरा त्या फासातून जातो, दोन्ही हात बाहेरच्या बाजूला झटका देतात. डाव्या बुटाला एकशे अठरा टाके, मी मोजले. प्रत्येक टाका वेल्टच्या जुन्याच भोकातून. नवी भोकं पाडली तर पट्टी पोस्टाच्या तिकिटासारखी फाटते. मी म्हटलं, एवढं कशाला, चार चुका मारल्या तर? चुका म्हणजे ते बारीक खिळे. मामांनी दोरा न सोडता मान हलवली. "टाचंला चुका, फुडं टाका. फुडं चूक मारली तर गंजून वर येती. फुटरेस्टवर हुबं ऱ्हायलात की कळंल कुणाची चूक."

रात्री बूट फर्म्यावर, वर दोरीने आवळून, तसेच ठेवले. सोल्युशनला पूर्ण जोर यायला रात्र जावी लागते. आम्ही तांबडा-पांढरा खाल्ला. पितृपक्ष पाळणाऱ्यांनी माफ करावं.

तिसरा दिवस : कोल्हापूर ते आंबोली

दोन्ही बुटांचे मिळून चौदाशे रुपये. मामांनी टाक्यांवर एरंडेल तेलाचा बोळा फिरवला. वास असा की मेहुणा दिवसभर माझ्या पुढेच गाडी चालवत होता.

निपाणीपर्यंत तीनदा गिअर चुकला. दुसऱ्यातून तिसरा टाकायला जावं आणि गाडीने मध्येच न्यूट्रलमध्ये आरडाओरडा करावा. क्लच गेला की काय म्हणून पोटात गोळा. मग लक्षात आलं, पाय उंच झालाय. नवा तळ, नवं बूच, म्हणजे पाऊण सेंटिमीटर तरी. बोट दांडीखाली पुरेसं जातच नव्हतं. एका गॅरेजसमोर थांबून दांडीचा बोल्ट सैल केला, दांडी खोबणीतून काढून एक दात वर बसवली. मागच्या ब्रेकचं पॅडलही थोडं खाली घेतलं, नाहीतर नकळत ब्रेकवर पाय राहून लायनर तापला असता. सोल बदलला की हे आधी करा, मग निघा. पोलादी टोपीच्या बुटाला तर जास्तच, कारण टोपी मुळात फुगीर. ही टोपी जड वस्तू बोटांवर पडू नये म्हणून असते. आपल्याकडच्या आयएस १५२९८ मानकात सेफ्टी शूजची टोपी २०० ज्यूलचा दणका सोसेल अशी लागते. घोट्याच्या हाडासाठी या बुटात काही नसतं. त्या बाबतीत मेहुण्याचे राक्षसी बूट खरोखर उजवे. हे मी त्याला सांगितलेलं नाही.

आजऱ्याला जेवलो. खानावळीच्या मावशींनी घनसाळ तांदळाचा भात वाढला. ताट येण्याआधी वास आला. माझ्या पायांकडून येणाऱ्या एरंडेलावरही त्याने मात केली. मावशींनी शेवटी विचारलंच, "कुनाला वात झालाय का हो?"

आजऱ्याच्या पुढे झाडी दाट झाली आणि आंबोलीच्या पाच-सहा किलोमीटर आधी धुक्याने गाडीचा दिवा गिळला. परतीचा पाऊस म्हणतात तो कोकणाच्या कड्यावर परतायला तयारच नसतो. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारं हे गाव. आमच्या वाट्याला त्यातले किती आले ते बूट पिळून सांगता आलं असतं. पाणी टाक्यांतून आलं नाही. आलं ते वरून, पँटमधून ओघळून. रेनकोटची पँट बुटाच्या आत खोचायची नाही, बाहेर ठेवायची, एवढी साधी अक्कल मला आंबोलीत आली.

लॉजवाल्याने शेगडीजवळ वाळवा म्हटलं. नको म्हटलं. ओलं कातडं आचेजवळ ठेवलं की ते तडकतं आणि चिकटवलेला तळही ढिला पडतो. जुने पेपर मागितले, चुरगळून बुटात कोंबले, दोन तासांनी बदलले. आतला पुठ्ठेरी तळ सुटा निघत असेल तर तोही काढून वेगळा ठेवायचा. सकाळी बूट दमट होते, पण पाय घालण्याजोगे.

चौथा दिवस : आंबोली ते मालवण

हिरण्यकेशीला सकाळी कोणी नव्हतं. गुहेतून येणारं पाणी इतकं गार की परवाचे कापशीचे फोड दोन मिनिटांत शांत झाले. घाट उतरताना धबधब्याखाली गर्दी होती, थांबलो नाही. सावंतवाडीत चितारआळीत भाचीसाठी लाकडी फळं घेतली. आता ऊन लागलं, घाम सुटला, बूट कडक झाले. पाऊण तासात देशावरून कोकणात आल्याचं पायांना आधी कळलं.

मालवणात दुपारी तीनला पोचलो. बांगडा तळलेला, वर सोलकढी. काकींनी वाढता वाढता विचारलं, खंयसून इलास, इतको उशीर कित्याक. मेहुण्याने सोल गेल्याचं, कोल्हापुरात दोन दिवस थांबल्याचं सांगितलं. काकींच्या कानात सोल म्हणजे आमसुलाची सोलं. "सोलां कोल्हापुरात कित्याक घेतलास?" त्यांना खरंच वाईट वाटलं. निघताना पाव किलो सोलं पुडीत बांधून दिली.

त्यानंतरचा प्रसंग मी त्या दिवशी कोणाला सांगितला नव्हता. मेहुणा किनाऱ्यावर फोटो काढायला गेला. मी गाडी काकींच्या मागच्या अंगणात लावायला घेतली. उतारावर जांभ्याची फरसबंदी, सावलीत हिरवंगार शेवाळ. वळणावर पुढचा ब्रेक जरासा दाबला आणि गाडी उजव्या अंगावर सावकाश आडवी झाली. वेग चालण्याएवढाही नव्हता. उजवा पाय गाडी आणि जांभा यांच्यामध्ये. टोपी दगडावर करकरली, बोटांना काही नाही. काकी झाडू टाकून आल्या. "जांब्यार ब्रेक मारूचो नाय रे बाबा! लागला काय?" दोघांनी मिळून गाडी उचलली. बुटाच्या टोकाला पांढरा ओरखडा. मी तो ओल्या फडक्याने पुसला, वर एरंडेल घासलं, मग परदेशी मेण. दिसेनासा झाला. काकींना म्हटलं, याला सांगू नका, हा थेट बहिणीला सांगेल. काकी म्हणाल्या, "माका काय गरज?"

संध्याकाळी मेहुणा म्हणाला, "दाजी, एवढं काय चोळताय?" म्हटलं, कातड्याची निगा.

पाचवा दिवस : मालवण, फोंडा घाट, कोल्हापूर

कणकवलीहून फोंडा घाट चढलो. माझ्या मते हा आंबोलीपेक्षा सरस. गर्दी नाही, दुकानं नाहीत, वर दाजीपूरचं जंगल. गवे दिसले नाहीत, शेण ताजं होतं. ओल्या वळणांवर नव्या तळाने फुटरेस्ट कशी धरली होती ते सांगता येत नाही. लक्षच जात नव्हतं पायांकडे, आणि तेच हवं होतं. राधानगरीला शाहू महाराजांच्या धरणाजवळ थांबून डबा खाल्ला. सात स्वयंचलित दरवाजे, पाण्याच्या दाबानेच उघडतात आणि मिटतात. मेहुणा बराच वेळ बघत राहिला.

मुक्काम कोल्हापूरलाच होता, म्हणून चारच्या सुमारास सुभाषनगरला गेलो. मामांना बूट दाखवायचे होते, आणि खरं सांगायचं तर कौतुक ऐकायचं होतं. मी बूट काढून दिले, कापशी घातली. आता ती चावत नव्हती.

मामांनी डावा बूट उलटा केला. "गेर खाली-वर केलासा. ब्येस." टाच बघितली. "आजून कडंवरच टेकताय."

मग उजवा घेतला. टोकावरून अंगठा फिरवला, थांबले. आरीच्या टोकाने एका टाक्याच्या भोकातून काहीतरी उकरून तळहातावर घेतलं. तांबडी माती.

"डाव्यात न्हाई, उजव्यातच हाय. ती बी बाहीरच्या अंगाला." चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कुटं पडलासा?"

मेहुण्याच्या हातातला चहा थांबला. "दाजी? मालवणात? ते चोळणं?"

"पडलो नाही. गाडी टेकली."

"दोन टाकं झिजल्यात," मामा म्हणाले आणि दोऱ्याला मेण लावायला घेतलं. "बसा. पाच मिन्टं. वीस रुपय हुतील."

मेहुण्याने फोन काढला होता. माझा एक बूट मामांच्या मांडीवर, दुसरा तिवईखाली, पायात कापशी. पळणार तरी कुठे आणि कशात. पलीकडून बायकोचा आवाज आला, "काय रे, झाले का बूट नीट?"